झोप मनोऱ्याने नेली की मालकाने?

मुळशी तालुक्यातील जांबे हे गाव पुणे शहराच्या पश्चिमेस, हिंजवडी आणि मारुंजी यांच्या शेजारी वसलेले आहे. भातखाचरांच्या या टापूत एके काळी रात्र झाली म्हणजे ती खरोखरच रात्र असे. आज शिवेपलीकडे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानातील इमारतींचे दिवे पहाटेपर्यंत विझत नाहीत. रात्रपाळीच्या गाड्या अवेळी धावतात, बांधकामाचे ट्रक धडधडत जातात आणि नव्या वसाहतींच्या गच्च्यांवर मोबाइलचे मनोरे उभे राहतात. अशा वेशीवरच्या गावांतून अलीकडे एक तक्रार हमखास ऐकू येते : मनोरा आला आणि झोप गेली. ग्रामपंचायतीकडे अर्ज होतात, सह्या गोळा केल्या जातात, आणि अखेरीस मंडळी गावातल्या पक्षकार्यकर्त्याकडे येऊन विचारतात, ‘तुमचे म्हणणे काय?’ या प्रश्नाला उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही.

सोपे नाही याचे कारण असे की दोन तयार उत्तरे बाजारात आधीच येऊन बसली आहेत. पहिले उत्तर दूरसंचार व्यवसायाचे. सारे काही मर्यादेत आहे, लोक अडाणी आहेत आणि अफवांना बळी पडतात, असे हे उत्तर सांगते. दुसरे उत्तर भीतीच्या व्यापाऱ्यांचे. लहरी दिसत नाहीत, म्हणून त्या सर्वशक्तिमान आहेत. तेव्हा आमची चकती फोनला चिकटवा आणि निश्चिंत झोपा, असे ते सांगते. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी गोमयापासून बनविलेली एक चकती जाहीरपणे सादर केली. ती मोबाइलचा किरणोत्सर्ग कमी करते असा त्यांचा दावा होता. हा दावा कोणत्या प्रयोगावर आधारलेला आहे, असे देशातील शेकडो शास्त्रज्ञांना जाहीरपणे विचारावे लागले. पहिल्या उत्तरात जनतेचा अपमान आहे, दुसऱ्यात जनतेची फसवणूक आहे. परंतु एका बाबतीत दोन्ही उत्तरांचे पूर्ण एकमत आहे. माणसाच्या झोपेचा प्रश्न म्हणजे लहरींचा प्रश्न. कामाचे तास, घरांची अवस्था आणि नफ्याची व्यवस्था यांच्याशी त्याचा काही संबंध नाही, हे दोघांनाही मान्य आहे. डाव्या चळवळीने हे गृहीतकच नाकारले पाहिजे. मात्र त्यासाठी आधी विज्ञान काय सांगते ते निर्भयपणे पाहिले पाहिजे.

मोबाइलच्या लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात. रेणूंमधील बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नाही. त्यांचा निःसंशय सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींना किंचित उष्णता देणे. तरीही मेंदूवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही, असे म्हणणे घाईचे ठरेल. झुरिच येथील संशोधकांनी १९९९ पासून केलेल्या प्रयोगांत, फोनसारख्या स्पंदित लहरींच्या सान्निध्यात झोपलेल्या निरोगी तरुणांच्या मेंदूच्या विद्युत-आलेखात सूक्ष्म बदल नोंदविले. २००५ साली ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगातही असाच बदल आढळला. आलेख बदलतो, ही गोष्ट तेव्हा नाकारण्याजोगी नाही. पण आलेखावरची रेघ थोडी उंचावणे ही एक गोष्ट आणि झोप उडणे ही दुसरी. झोपेचा एकूण काळ कमी होतो, माणूस वारंवार जागा होतो किंवा सकाळी थकलेला उठतो, असा परिणाम या प्रयोगांतून सातत्याने सिद्ध झालेला नाही.

हे प्रयोग फोनचे आणि प्रयोगशाळेतले झाले. गावातल्या मनोऱ्याचे काय, या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर जर्मनीत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिले. जेथे मोबाइलची सेवा पोचलेलीच नव्हती अशी दहा ठिकाणे निवडून तेथे तात्पुरता मनोरा नेण्यात आला. काही रात्री तो चालू ठेवला, काही रात्री बंद. कोणत्या रात्री तो चालू आहे हे ३९७ रहिवाशांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते, आणि नोंदी घेणाऱ्यांनाही नव्हते. मनोरा चालू असलेल्या आणि बंद असलेल्या रात्रींच्या झोपेत फरक आढळला नाही. मात्र मनोऱ्यामुळे आरोग्य बिघडेल अशी धास्ती ज्यांना होती, त्यांची झोप मनोरा बंद असतानाही इतरांहून वाईट होती. याचा अर्थ त्या माणसांचा त्रास खोटा होता असा नव्हे. त्रास खराच होता, पण तो लहरींनी दिलेला नव्हता; भीतीने दिलेला होता. जो कोणी गावात येऊन पुराव्याविना भीती पेरतो, तो गावाची झोप पळविण्याच्या कामी हातभार लावतो, एवढे तरी यातून शिकण्यासारखे आहे.

स्वीडन आणि फिनलंडमधील सुमारे २४ हजार माणसांची चार वर्षे पाहणी करून २०२० साली मांडलेले निष्कर्ष याहून बोलके आहेत. फोनवर सर्वाधिक वेळ बोलणाऱ्यांमध्ये निद्रानाशाचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. परंतु जुन्या जाळ्यापेक्षा तिसऱ्या पिढीच्या जाळ्यात डोक्याला मिळणारा किरणोत्सर्ग कितीतरी कमी असतो. तो हिशेब करून पाहताच हा संबंध जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे झोप बिघडविणारी गोष्ट फोनमधून निघणारी लहर नसून फोनच्या वापराभोवतीचे जीवन आहे, असे या आकड्यांचे सांगणे आहे.

येथे कंपन्यांच्या प्रतिनिधींनी टाळ्या वाजविण्याचे कारण नाही. भारतात मनोऱ्यांच्या उत्सर्जनाची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली गेली. ती कंपन्यांच्या औदार्याने नव्हे. नागरिकांच्या तक्रारी, वृत्तपत्रांतील चर्चा, मुंबईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार खात्याला दिलेल्या अहवालासारखे इशारे आणि आंतर-मंत्रालयीन समितीची शिफारस, या साऱ्यांच्या दबावाने ती आली. प्राध्यापकांचे सर्व निष्कर्ष मान्य नसले, तरी लोक प्रश्न विचारतात म्हणूनच शासन मोजमाप करते, हे सत्य उरतेच. आणि आजचे मोजमाप कसे चालते? २०१७ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘तरंग संचार’ योजनेत नागरिकाला आपल्या परिसरातील उत्सर्जन मोजून घेता येते. त्यासाठी शुल्क ठेवले ४००० रुपये! मनोऱ्याचा नफा कंपनीचा, भाडे घरमालकाचे आणि शंकेचे निरसन करण्याचा खर्च मात्र शेजारच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराचा. ही व्यवस्था ज्याला न्याय्य वाटते, त्याने लोकांना अडाणी म्हणण्याचा अधिकार गमावलेला आहे.

याचबरोबर एक तांत्रिक गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. मनोऱ्याच्या लहरींचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो, तर फोन कानाला किंवा उशाला चिकटलेला असतो. शिवाय मनोरा दूर असेल आणि संदेश क्षीण असेल, तर फोन आपली शक्ती वाढवून त्याच्याशी बोलतो. म्हणजे गावाबाहेर मनोरा हाकलून लावण्यात यश आले, तर गावकऱ्यांच्या डोक्याजवळचा किरणोत्सर्ग घटण्याऐवजी वाढण्याचा संभव अधिक. ज्या आंदोलनाच्या यशाने आंदोलकांचेच नुकसान व्हावे, ते आंदोलन चुकीच्या जागी उभे आहे असे म्हणावे लागते.

मग योग्य जागा कोणती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ३१ मे २०११ रोजी मोबाइलच्या लहरींना ‘कदाचित कर्ककारक’ अशा ‘२-ब’ गटात घातले. ही बातमी देशातल्या प्रत्येक भाषेत पोचली. त्याच संस्थेने त्याआधी चार वर्षे, २००७ साली, शरीराचे दिनमान उलटेपालटे करणाऱ्या पाळीच्या कामाला त्याहून वरच्या, म्हणजे ‘बहुधा कर्ककारक’ अशा ‘२-अ’ गटात घातले होते, आणि २०१९ साली रात्रपाळीविषयी तोच निर्णय कायम केला. ही बातमी कोणत्या ग्रामसभेत वाचली गेली? हे गट धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत, पुरावा किती सबळ आहे ते सांगतात, हे खरे. पण नेमका मुद्दा पुराव्याचाच आहे. ज्या गोष्टीविरुद्ध पुरावा दुबळा तिच्याविरुद्ध मोर्चे निघतात, आणि जिच्याविरुद्ध पुरावा सबळ ती ‘रोजगारनिर्मिती’ म्हणून गौरविली जाते. जांबे गावच्या शेजारी रोज रात्री हजारो तरुण-तरुणी अमेरिकेच्या आणि युरोपच्या घड्याळावर जागतात. त्यांना नेणारा चालक, त्यांच्या दारावरचा पहारेकरी, मध्यरात्री त्यांना जेवण पोचविणारा दुचाकीस्वार, हे सारे त्यांच्याबरोबर जागतात. मनोऱ्याची लहर मोजण्यासाठी निदान यंत्र तरी आहे. या जागरणाची मोजदाद कोणी करीत नाही.

आणि पाळी संपली तरी काम संपत नाही. फोन हा आता केवळ बोलण्याचे साधन राहिलेला नसून खिशात बसलेला मुकादम झाला आहे. पुढची खेप हवी असेल तर दुचाकीस्वाराला तो जागा ठेवतो. वरिष्ठाचा संदेश रात्री अकरा वाजता आला, तर कर्मचाऱ्याला तो उठवतो. जो काम करीत नाही, त्याला बाजार उठवतो. चित्रपट-मालिका घरोघर पुरविणाऱ्या एका बलाढ्य अमेरिकी कंपनीच्या प्रमुखाने २०१७ साली, आपली स्पर्धा प्रेक्षकांच्या झोपेशी आहे, असे उघडपणे म्हटले होते. ही स्पर्धा शरीराला किती महाग पडते याचा दाखला बॉस्टनच्या संशोधकांनी २०१५ साली दिला. झोपण्यापूर्वी प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांच्या शरीरातील मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची सूचना देणारे संप्रेरक, छापील पुस्तक वाचणाऱ्यांच्या तुलनेत निम्म्याहून अधिक दबले आणि त्यांचे अंतर्गत घड्याळ सुमारे दीड तास मागे पडले. प्रयोग लहान होता, माणसे अवघी बारा होती. परंतु झोप पळविणारी गोष्ट मनोऱ्यावर नव्हे तर तळहातावर शोधावी लागेल, हे दाखविण्यास तो पुरेसा आहे.

रात्र आणि नफा यांचे हे वैर नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत सूर्यप्रकाश हीच एके काळी कामाची मर्यादा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि कामाचा दिवस पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. दिव्याच्या प्रकाशात वाईट असे काहीच नव्हते; तो दिवा कोणाच्या हाती होता, हा प्रश्न होता. कामगारांनी दिवे फोडण्यावर चळवळ उभारली नाही, तास मर्यादित करण्यावर उभारली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली १८९० साली रविवारची सुटी मिळाली. १९११ च्या कायद्याने गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस १२ तासांचा झाला, १९२२ ला ११, १९३४ ला १० आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने ९ तासांचा, आठवड्याला ४८ तासांचा. यातला प्रत्येक तास कामगाराच्या झोपेत परत आलेला तास आहे. त्याच दिव्यांसाठी आणि यंत्रांसाठी लागणारी वीज निर्माण करण्याकरिता टाटांच्या धरणाखाली मुळशी खोऱ्यातील शेतकऱ्यांची भातशेती गेली, आणि १९२१ च्या रामनवमीला सुरू झालेल्या सत्याग्रहात सेनापती बापटांनी ‘वीज कोणासाठी आणि बुडणार कोण’ हा प्रश्न देशासमोर ठेवला. दूरच्या उजेडाची किंमत मोजण्याचा मुळशीचा अनुभव शंभर वर्षांचा आहे. त्या वेळी जमीन गेली, आता रात्र जाते आहे.

मिळविलेले तास परत हिरावून घेण्याची प्रक्रियाही सुरू झाली आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने अहोरात्र व्यवसायाची वाट मोकळी केली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे तास ९ वरून १२ आणि दुकाने-आस्थापनांत ९ वरून १० करण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली. आठवड्याचे तास ४८ च राहणार असल्याने कामगाराचे नुकसान नाही, असे समर्थन केले गेले. हा युक्तिवाद ज्याने रचला, त्याला माणसाचे शरीर ठाऊक नसावे. मजुरी आठवड्याने देता येते, झोप आठवड्याने घेता येत नाही. बारा तास काम, दोन-तीन तास हिंजवडीच्या वाहतुकीत, उरलेल्या वेळात स्वयंपाक, मुले, म्हातारी माणसे. आणि स्त्री असेल तर हे सारे दुप्पट. या बेरजेत झोपेसाठी काय उरते, ते मंत्रालयाने एकदा मांडून दाखवावे.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा ‘सामाजिक खर्चा’चा प्रश्न आहे. के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० सालीच दाखवून दिले होते की, खासगी उद्योगाचा नफा मोठा दिसतो याचे एक कारण असे की, त्याने केलेल्या हानीचा मोठा वाटा त्याच्या वहीत कधी नोंदलाच जात नाही. तो त्रयस्थांना आणि समाजाला भरावा लागतो. झोपमोड हा असाच वहीबाहेरचा खर्च आहे. तो रक्तदाबाच्या रूपाने दवाखान्यात, अपघाताच्या रूपाने रस्त्यावर आणि भांडणाच्या रूपाने घरात भरला जातो. तोही सर्वांना सारखा भरावा लागत नाही. चेन्नईतील ४५२ गरीब शहरवासीयांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ही माणसे रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असत, पण प्रत्यक्ष झोप मिळे अवघी साडेपाच तास. उकाडा, डास आणि गोंगाट उरलेली झोप खाऊन टाकीत. मुळशीच्या बांधकामांवर पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांची रात्र याहून वेगळी असेल असे मानण्यास आधार नाही. मनोऱ्याविरुद्धच्या अर्जावर त्यांची सही बहुधा कोणी मागत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक माणसांकडूनही येईल : रात्रपाळी गेली तर रोजगार जाईल, उपाशी पोटी झोप घेऊन काय करायचे? आक्षेपाला वजन आहे. रुग्णालये, वीजकेंद्रे, रेल्वे रात्री चालू राहणारच. मागणी रात्रपाळी नष्ट करण्याची नाही, तिला कायद्याचा लगाम घालण्याची आहे. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार कामगाराला दर चोवीस तासांत सलग ११ तास विश्रांती मिळावी लागते, रात्रपाळीचे काम सरासरी ८ तासांपुरते मर्यादित असते आणि रात्रपाळीच्या कामगाराची आरोग्यतपासणी विनामूल्य होते. तेथील ग्राहकाची सेवा हिंजवडीतला तरुण करतो. मग ग्राहकाच्या देशात जो नियम माणुसकीचा ठरतो, तो सेवा देणाऱ्याच्या देशात चैनीचा कसा ठरतो? कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून मान्य केला, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये केला. आपल्याकडे हा हक्क मागणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत मांडले. त्या ज्या बारामती मतदारसंघाच्या खासदार, त्यातच मुळशी तालुका मोडतो. तरीही या विधेयकाच्या मागे मुळशीतून जनमताचा रेटा उभा राहिला नाही. विधेयक मांडणाऱ्याचा पक्ष कोणता हे पाहून कामगाराच्या हक्काचे मोल ठरविणे, ही चैन चळवळीला परवडणारी नाही.

तेव्हा जांबे किंवा तशाच एखाद्या गावातील कार्यकर्त्याने मनोऱ्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांना परत पाठवू नये आणि त्यांच्या भीतीवर स्वारही होऊ नये. त्याने मागण्या कराव्यात त्या अशा. मनोऱ्याचे उत्सर्जन शासनाने विनामूल्य मोजावे आणि आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. मनोऱ्याच्या डिझेल जनित्राचा आणि बांधकामांचा आवाज २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत बसतो की नाही हे पाहावे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि जनित्राची घरघर अदृश्य लहरींहून अधिक निश्चितपणे झोप मोडते. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाची, मग तो संगणकावर असो, गाडीवर असो की दारावर, गणती व्हावी. त्याला सलग ११ तासांची विश्रांती, जादा वेतन आणि वार्षिक तपासणी मिळावी. बांधकाम मजुरांना झोपण्यायोग्य निवारा देणे ही कंत्राटदाराची कायदेशीर जबाबदारी ठरावी. आणि कामाच्या वेळेनंतर फोन बंद ठेवणाऱ्याची नोकरी सुरक्षित राहावी.

झोप ही भीक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २३ फेब्रुवारी २०१२ रोजी रामलीला मैदानाच्या प्रकरणात निर्णय देताना, झोप हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. मध्यरात्री झोपलेल्या नागरिकांवर पोलीस घालणाऱ्या सरकारला तो निर्णय लागू झाला. रोज मध्यरात्री लक्षावधी माणसांना जागे ठेवणाऱ्या भांडवलाला तो अद्याप लागू व्हायचा आहे. तो लागू करून घेण्यासाठी चकती उपयोगाची नाही आणि मनोऱ्यावर फेकलेला दगडही उपयोगाचा नाही. त्यासाठी लोखंड्यांनी वापरलेले साधन उपयोगाचे आहे : सह्या, सभा, संघटना आणि तासांचा हिशेब.